बीटलचं स्टिअरिंग कपलिंग: तळहाताएवढी रबर डिस्क आणि तुमच्या गॅरेजचं बिल

'जॉब कार्ड ते बिल' या मालिकेतल्या व्हिडिओत आपण एका जुन्या फोक्सवॅगन बीटलचं स्टिअरिंग कपलिंग बदलताना पाहिलं. व्हिडिओला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे हिशोबाचा भाग फार घाईत झाला. तपासणीबद्दलही बरंच सांगायचं राहिलं. तो राहिलेला भाग इथे सविस्तर लिहितोय. तुमचं गॅरेज नसेल, तुम्ही फ्रिज दुरुस्त करत असाल किंवा शिलाई मशीन, तरी हिशोबाचा भाग जरूर वाचा. गणित तेच आहे.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. बीटल जगभरात दोन कोटींहून जास्त विकली गेली आणि शेवटची गाडी जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे मात्र ती मोजकीच. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे आहे ते ती जिवापाड जपतात. रोज कोणी चालवत नाही. रविवारी सकाळी एक फेरी, कधी क्लबची रॅली, कधी घरातलं लग्न. गाडी कमी चालते म्हणून पार्ट टिकतात असं मालकांना वाटतं. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. उभ्या गाडीतलंही रबर कडक होतं, भेगाळतं. वरून पेट्रोल टपकत असेल तर फुगून मऊ पडतं. बीटलची पेट्रोलची टाकी पुढे, डिकीत असते आणि कपलिंग तिच्याच खाली बसतं, हे लक्षात घ्या.

आता हे कपलिंग म्हणजे नक्की काय? स्टिअरिंग व्हीलपासून खाली येणारा कॉलम आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर बसलेला स्टिअरिंग बॉक्स यांच्यामध्ये एक गोल डिस्क असते. रबर आणि आत कापडाचे थर, आकार तळहाताएवढा. तिला चार भोकं. समोरासमोरच्या दोन भोकांत वरच्या फ्लँजचे बोल्ट, उरलेल्या दोन भोकांत खालच्या फ्लँजचे. म्हणजे वरचं लोखंड खालच्या लोखंडाला थेट शिवतच नाही. तुमच्या हाताची सगळी ताकद त्या रबर-कापडातून खाली जाते. रस्त्याचे हादरे हातापर्यंत पोहोचू नयेत आणि कॉलम व बॉक्स यांच्यातला थोडासा तिरकेपणा सांभाळला जावा, यासाठी ही योजना. मी सांगतोय ते साध्या, स्टँडर्ड बीटलबद्दल. सुपर बीटलची रचना वेगळी आहे.

यातून आणखी एक गंमत होते. रबर वीज वाहून नेत नाही. हॉर्नचं बटण स्टिअरिंगवर आणि त्याची अर्थिंग खाली बॉडीला, त्यामुळे बऱ्याच बीटलमध्ये कपलिंग ओलांडून जाणारी एक छोटी वायर असते. ती तुटली किंवा सैल झाली की हॉर्न बंद. किंवा त्याहून विचित्र, स्टिअरिंग वळवलं की वाजतो, सरळ केलं की गप्प. ग्राहक "हॉर्नचं बघा जरा" म्हणून इलेक्ट्रिशियनकडे जातो, इलेक्ट्रिशियन हॉर्न बदलतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. अशी तक्रार घेऊन बीटल आली तर आधी खाली वाका आणि कपलिंग बघा.

"जरा टाइट करून द्या"

कपलिंग झिजलं की ग्राहक काय सांगतो? "स्टिअरिंग ढिलं वाटतंय." बस, एवढंच. आणि इथेच बहुतेक गॅरेजचे पैसे आणि इज्जत दोन्ही जातात.

कारण बीटलच्या स्टिअरिंग बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो. चेक नट सैल करायचा, स्क्रू थोडा आवळायचा, नट पुन्हा टाइट, पाच मिनिटांचं काम. जुने मिस्त्री हे डोळे मिटून करतात. ग्राहक खूश, दोनशे-तीनशे रुपये सुटतात. पण प्ले कपलिंगमध्ये असेल तर स्क्रू आवळून तो जाणार कसा? जात नाहीच. मग मिस्त्री अजून थोडा आवळतो. बॉक्समधला वर्म आणि रोलर मुळातच असे बनवलेले असतात की चाकं सरळ असताना त्यांच्यात सर्वात कमी जागा राहावी आणि वळणाकडे जाताना ती वाढावी. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की नेमकं सरळ चालताना स्टिअरिंग जड होतं, अडकल्यासारखं वाटतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. आणि चांगला बॉक्स झिजायला लागतो. म्हणजे एक स्वस्त रबर वाचवलं आणि महागडा बॉक्स खाल्ला.

उलटी चूकही तितकीच होते. "साहेब, बॉक्सच गेला तुमचा." ग्राहक घाबरून परदेशातून बॉक्स मागवतो, महिना-दीड महिना गाडी उभी, नवा बॉक्स बसतो आणि ढिलेपणा जागच्या जागी. कारण जुनी डिस्क तशीच परत लावलेली. असा ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येत नाही, आणि क्लासिक गाडीवाल्यांचं वर्तुळ लहान असतं. सगळे एकमेकांना ओळखतात.

म्हणून हा क्रम पाठ करा. पुढची चाकं जमिनीवरच ठेवायची, सरळ. इंजिन बंद, बीटलला पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे चालू करायची गरज नाही. एक जण आत बसून स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवतो, जेमतेम प्ले संपेल एवढंच. दुसरा खाली टॉर्च घेऊन बघतो. वरचा फ्लँज हलतोय आणि खालचा नंतर हलतोय? प्ले कपलिंगमध्ये. दोन्ही फ्लँज बरोबर हलतायत, पण बॉक्समधून बाहेर येणारा ड्रॉप आर्म उशिरा हलतोय? मग बॉक्स. ड्रॉप आर्मही लगेच हलतोय आणि चाक मागे राहतंय? टाय रॉडचे एंड बघा, चारही. त्यानंतर गाडी घोडीवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायचं. तिथे खुळखुळ आली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. जुन्या, १९६५ पर्यंतच्या गाड्यांत बॉल जॉइंटऐवजी लिंक पिन आणि किंग पिन मिळतील.

एवढ्यावर थांबू नका. कपलिंगमध्ये हालचाल दिसली म्हणजे डिस्क गेलीच असं नाही. कधी डिस्क ठणठणीत असते आणि बोल्टच सैल झालेले असतात. कधी खालचा फ्लँज बॉक्सच्या दातेरी शाफ्टवर ज्या क्लॅम्प बोल्टने आवळलेला असतो, तो सैल असतो. बोटाने चाचपा, भोकांभोवती भेगा आहेत का, कापडाचे धागे बाहेर आलेत का, भोक गोल राहिलंय की लांबट झालंय ते बघा. आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. वरचा फ्लँज हलतोय, खालचा हलत नाही, हे दहा सेकंदांच्या व्हिडिओत जेवढं पटतं तेवढं अर्धा तास बोलून पटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या तपासणीचे पैसे तुम्ही लावता का?

बॅचमध्ये मी हा प्रश्न विचारला की हात खाली जातात. "सर, नुसतं बघायचे पैसे कसे घ्यायचे? ग्राहक पळून जाईल." बरं, समजा तुम्ही बघायचे पैसे घेत नाही. मग तुमची कमाई कधी होते? पार्ट विकला तरच. म्हणजे तपासताना बोल्ट सैल निघाले, नवे लॉकिंग नट टाकून आवळले आणि गाडी बरी झाली, तर तुमचा तासभर फुकट गेला. त्या क्षणी मनात येतंच, "डिस्क पण जुनी झालीच आहे, टाकू नवीन." माणूस वाईट असतो म्हणून नाही, बिलाची पद्धत तशी ढकलते म्हणून. तपासणीचे पैसे वेगळे घेतले तर "काका, पार्ट लागणार नाही" हे वाक्य तुम्हाला परवडतं. ज्या ग्राहकाला हे वाक्य एकदा ऐकायला मिळालं, तो पुढे तुमच्या एस्टिमेटवर घासाघीस करत नाही.

काम करताना

डिस्कच गेली आहे असं नक्की झालं तर काम असं चालतं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. हॉर्नची वायर तिथे आहे आणि डोक्यावर पेट्रोलची टाकी. ठिणगी नको. काही कारागीर टाकी न काढता चाकाच्या बाजूने हात घालून चारही बोल्ट सोडवतात. जमतं, पण जुने, गंजलेले नट असतील तर बोटं सोलून निघतात आणि वेळ दुप्पट जातो. टाकी चार बोल्टवर असते; रिकामी करून उचलली की सगळं समोर दिसतं. मी तरी एस्टिमेट टाकी काढायचं धरूनच द्या असं सांगतो. आणि टाकी निघालीच आहे तर पेट्रोलचा होज बघून घ्या. कपलिंग खराब व्हायचं मूळ कारण तिथेच सापडू शकतं. होज पाझरत असेल तर नवी डिस्कही लवकरच फुगेल.

एक गोष्ट आपल्याकडे खास सांभाळायची. भारतातल्या बीटल बहुतेक उजव्या स्टिअरिंगच्या, आणि मॅन्युअलमधली, इंटरनेटवरची चित्रं बहुतेक डाव्या स्टिअरिंगची. चित्र बघून डाव्या चाकाकडून शोधत बसू नका.

सोडवायच्या आधी चाकं सरळ, स्टिअरिंग सरळ, आणि कॉलमचा फ्लँज, डिस्क, खालचा फ्लँज या तिन्हींवर रंगाने एक खूण. हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग कधीही टाळू नका. डिस्कची भोकं समोरासमोर सारखी असतात, त्यामुळे कॉलम अर्धा फेरा फिरून उलटाही बसतो. मग गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग उलटं! इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो, तोही भलत्याच वेळी होतो.

नव्या डिस्कचे दोन प्रकार बाजारात दिसतील. एक मूळ पद्धतीची रबर-कापडाची, दुसरी पॉलियुरेथेनची, बऱ्याचदा लाल रंगाची. दुसरी कडक असते. स्टिअरिंग एकदम घट्ट वाटतं, म्हणून तरुण ग्राहक ती मागतात. पण खड्ड्यांचे हादरेही तेवढेच हातात येतात. आपले रस्ते आणि ग्राहकाचं वय बघून सल्ला द्या. साठी ओलांडलेल्या काकांना मी रबराचीच सुचवेन.

नट जुने परत लावायचे नाहीत. चार लॉकिंग नट वाचवून काय मिळणार आहे? आवळायचं टॉर्क पान्याने, त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने. अंदाजाने ताकद लावली की नवी डिस्क चिरडते. हॉर्नची वायर जोडली का ते बघा. मग गाडी घोडीवर असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बोल्टचं टोक कुठे घासतंय का, वायर ताणली जातेय का, हॉर्न सगळ्या स्थितीत वाजतोय का. टाकी बसवल्यावर हेच पुन्हा एकदा. त्यानंतरच रस्त्यावर चाचणी.

आणि हो, या कामानंतर व्हील अलाइनमेंटचं बिल लावू नका. टाय रॉडला हात लावलेला नसेल तर चाकांचा टो बदलत नाही. खुणा जुळवल्या असतील तर स्टिअरिंगही जागेवर येतं. "स्टिअरिंगचं काम केलं की अलाइनमेंट आलंच" हे सरसकट सांगणारे खूप आहेत. क्लासिक गाडीचा मालक वाचणारा असतो. त्याला हे माहीत असतं, आणि तुम्ही काय सांगता याकडे त्याचं बरोबर लक्ष असतं.

आता वही उघडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे टाकून बघा.

समजा तुम्ही आणि एक मेकॅनिक असं दोघांचं गॅरेज. भाडं २५,००० रुपये, मेकॅनिकचा पगार २५,०००, तुमचा स्वतःचा पगार ४५,००० (हो, तो धरायचाच), वीज, पाने-हत्यारं, चहापाणी, फोन, इतर मिळून २५,०००. महिन्याचा खर्च १,२०,०००. दोघं, दिवसाला आठ तास, महिन्याला २५ दिवस म्हणजे ४०० तास. पण सगळे तास बिलात येतात का? पार्ट आणायला जाणं, ग्राहकाशी बोलणं, झाडलोट, रिकामा वेळ. साठ टक्के तास बिलात आले तरी चांगलं. म्हणजे २४० तास. १,२०,००० भागिले २४०, एका तासाचा नुसता खर्च ५०० रुपये. त्यावर १०० रुपये नफा धरला तर तुमचा दर ६०० रुपये तास.

आता हे काम. तपासणीला दोन माणसं अर्धा-अर्धा तास, म्हणजे एक तास. टाकी काढणं, डिस्क बदलणं, टाकी बसवणं साडेतीन तास. चाचणी अर्धा तास. एकूण पाच तास.

नेहमीची पद्धत काय? "पार्ट २,५०० चा, लेबर ५०० द्या साहेब." ग्राहकाकडून आले ३,०००, त्यातले २,५०० पार्टवाल्याचे. तुम्हाला ५०० मिळाले आणि पाच तासांचा खर्च झाला २,५००. दिवसभर मान मोडून काम केलं आणि खिशातले २,००० घातले! महिन्याच्या शेवटी "धंदा आहे पण पैसा दिसत नाही" असं जे म्हणतात ना, तो पैसा इथे गेलेला असतो.

तेच बिल आता नीट मांडू. तपासणी ६००. काम साडेतीन तासांचे २,१००. चाचणी ३००. डिस्क हातात पडेपर्यंत २,५००, त्यावर ५०० तुमचे. कारण योग्य पार्ट शोधणं, कस्टम्सचा कागद, चुकीचा निघाला तर परत पाठवणं ही जोखीम तुमची आहे. नट आणि किरकोळ १५०. एकूण ६,१५०, जीएसटी लागू असेल तर वेगळा. आकडा दुप्पट दिसतो म्हणून घाबरू नका. ग्राहकाला एकदम ६,१५० सांगायचंच नाही. आधी ६०० ची तपासणी सांगा. मग व्हिडिओ दाखवा. मग लेखी एस्टिमेट द्या, ज्यात टाकी काढण्याचे तास वेगळे लिहिलेले असतील. लाखमोलाची गाडी सांभाळणारा माणूस सहा हजारांना नाही म्हणत नाही, तो "कशाचे सहा हजार?" एवढं विचारतो. त्याचं उत्तर कागदावर असलं पाहिजे.

पार्ट मागवताना अजून एक. डिस्क हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका. परदेशातून यायला आठवडे लागू शकतात आणि टाकी काढलेली बीटल तुमची एक बे अडवून बसते. तोपर्यंत आत येऊ शकणाऱ्या चार गाड्या बाहेरून परत जातात. तुमच्याकडे तीन-चार बीटलवाले ग्राहक असतील तर एकाच खेपेत दोन डिस्क मागवा, पाठवणावळ वाचते. मात्र दहा नकोत. रबर शेल्फवर पडूनही म्हातारं होतं.

एक प्रसंग ठरलेला आहे. डिस्कला भेगा आहेत, धागे बाहेर आलेत, तुम्ही दाखवलंत, आणि ग्राहक म्हणतो, "अहो, महिन्यातून एकदाच निघते गाडी. सध्या टाइट करून द्या, पुढच्या दिवाळीला बघू." जुना ग्राहक, वडिलांपासूनची ओळख. काय कराल?

कार्बोरेटर असता, हॉर्न असता, तर मीही म्हटलं असतं, चालू द्या. इथे नाही. स्टिअरिंग व्हील आणि चाकं यांच्यामध्ये ती एकच डिस्क आहे. शांतपणे सांगायचं, "काका, स्क्रू आवळून हे जाणार नाही, उलट बॉक्स खराब होईल. या स्थितीत मी गाडी चालवत बाहेर काढून देणार नाही. डिस्क येईपर्यंत इथेच राहू द्या, उभी ठेवायचे पैसे घेत नाही. नाहीतर टोइंगची गाडी बोलावून देतो." आणि जॉब कार्डवर लिहायचं: काय दिसलं, काय सुचवलं, ग्राहकाने काय ठरवलं, तारीख, सही. सही मागताना अवघडल्यासारखं होतं, मान्य. पण कार्डवर छापील रकाना असला की ती रोजची पद्धत वाटते, अविश्वास वाटत नाही. आजच प्रेसवाल्याला सांगून तो रकाना टाकून घ्या.

काम झाल्यावर जुनी डिस्क पिशवीत घालून ग्राहकाच्या हातात द्या. वाकवली की भेगा उघडतात. घरी जाऊन तो स्वतःच चार जणांना दाखवतो. साधारण २०० किलोमीटरनंतर चारही बोल्ट एकदा तपासायला बोलवा, ही भेट बिलात धरलेली आहे असं आधीच सांगून ठेवा. रविवारची गाडी असेल तर एवढं अंतर व्हायला तीन-चार महिने लागतील, म्हणून किलोमीटरबरोबर तारीखही लिहा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा. पुढच्या व्हिडिओत हेच जॉब कार्ड आपण रकाना-रकाना करून बनवणार आहोत. तुमच्या गॅरेजचं सध्याचं कार्ड जवळ घेऊन बसा.